निवाडा झाला, पैशांचे काय?

दिल्लीच्या विमानतळ मेट्रो मार्गाचा वाद किती वेळा संपला, हे एकदा मोजून पाहावे. मे २०१७ मध्ये तीन सदस्यांच्या लवादाने निवाडा दिला, की दिल्ली मेट्रो रेल्वे महामंडळाने मार्ग चालवणाऱ्या खासगी कंपनीला सुमारे २,७८२ कोटी रुपये आणि वर व्याज द्यावे. मार्च २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी तो कायम केला. जानेवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने त्याचा मुख्य भाग रद्द केला. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाला चूक ठरवून निवाडा पुन्हा उभा केला आणि दोन महिन्यांत पुनर्विचार याचिकाही फेटाळली. मग १० एप्रिल २०२४ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विचारही फेटाळल्यावर उरणारी शेवटची दुरुस्ती याचिका, मान्य केली, खंडपीठाचा निकाल बरोबर ठरवला आणि तोवर दिले गेलेले पैसे परत करायला सांगितले. त्या वेळेपर्यंत व्याज धरून रक्कम आठ हजार कोटींच्या घरात गेली होती.

या वादात कोण खरे होते, हा माझा विषय नाही. बांधकामातले दोष ९० दिवसांत दूर झाले नाहीत म्हणून कंपनीने करार संपवला, ते योग्य होते असे लवादाला वाटले. मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचे प्रमाणपत्र हा महत्त्वाचा पुरावा लवादाने नजरेआड केला, असे शेवटच्या पीठाला वाटले. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे पुष्कळ आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. अशा देशांतर्गत निवाड्यात कायदा न्यायालयाला हात घालू देतो, तो निवाड्यावर नजर टाकताच दिसेल अशा उघड बेकायदेशीरपणासाठी. जे पहिल्या पीठाला दिसले नाही, दुसऱ्याला दिसले, तिसऱ्याला पुन्हा दिसले नाही आणि चौथ्याला दिसले, ते उघड कसे म्हणायचे? इतक्या अनुभवी न्यायाधीशांत ज्यावर मतभेद होऊ शकतो, तो वादाचा मुद्दा असतो. आणि वादाचे मुद्दे सोडवण्यासाठीच तर पक्षकार लवादाकडे गेले होते.

व्यापारी वादातल्या निवाड्यावर न्यायालयाची नजर असावी, याबद्दल मला शंका नाही. पण ती एकदाच पडावी, झटपट पडावी, आणि निवाड्याला आव्हान देणाऱ्याने आधी रकमेचा मोठा हिस्सा न्यायालयात जमा करावा. तो पक्ष सरकार असला तरीही.

आपल्या कायद्याचा प्रवास पाहिला की ही मागणी का करावी लागते ते कळते. १९४० च्या लवाद कायद्यात निवाडा स्वतःच्या पायावर उभा राहतच नसे. तो न्यायालयात दाखल करायचा, हरकती ऐकून घ्यायच्या, आणि न्यायालयाने त्याबरहुकूम निकाल देऊन हुकूमनामा काढला की मग वसुली सुरू. या कायद्याखाली खटले ज्या रीतीने चालत, त्याने वकील हसतात आणि कायद्याचे तत्त्वज्ञ रडतात, असे न्या. डी. ए. देसाई यांनी १९८१ मध्ये गुरू नानक फाउंडेशनच्या खटल्यात लिहून ठेवले आहे. ते वाक्य आजही वकिलांच्या तोंडी असते, हीच खरी वाईट गोष्ट.

१९९६ चा कायदा संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९८५ मध्ये केलेल्या आदर्श कायद्यावर बेतला आणि ही मोहोर उठवण्याची पायरीच काढून टाकली. आव्हानाची मुदत संपली की निवाडा हाच जणू न्यायालयाचा हुकूमनामा. थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा, मालमत्ता जप्त करा, पैसे वसूल करा. कागदावर हे अमेरिकेच्याही पुढे गेले. तिथे १९२५ च्या संघीय लवाद कायद्यानुसार जिंकलेल्या पक्षाला वर्षभरात न्यायालयाकडे जाऊन निवाडा कायम करून घ्यावा लागतो. मात्र तिथला न्यायाधीश निवाडा बरोबर आहे का, हे तपासत नाही. लाच, फसवणूक, पक्षपात, अधिकाराबाहेरचा निर्णय अशी मोजकी कारणे सिद्ध झाली नाहीत तर त्याला निवाडा कायम करावाच लागतो. ही कारणे पक्षकारांनी आपसांत करार करूनही वाढवता येणार नाहीत, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हॉल स्ट्रीट खटल्यात सांगितले. म्हणजे त्यांच्याकडे पायरी आहे, पण ती चढायला सोपी. आम्ही पायरी काढली आणि तिच्या जागी जिना बांधला.

त्या जिन्याची सुरुवात कलम ३४ पासून होते. हरलेल्या पक्षाने निवाडा हातात पडल्यापासून तीन महिन्यांत, फार तर आणखी ३० दिवसांत, तो रद्द करण्याचा अर्ज करायचा. त्यातले एक कारण आहे ‘भारताचे सार्वजनिक धोरण’. १९९४ च्या रेणुसागर खटल्यात, परदेशी निवाड्यांच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांचा अर्थ अगदी आखूड ठेवला होता. २००३ मध्ये ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स या खटल्यात तो ताणला गेला. निवाडा उघड बेकायदा असला तरी तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध, असे ठरले. तिथून पुढे दहा-बारा वर्षे हरलेल्या प्रत्येकाच्या अर्जात हे दोन शब्द असतच. २०१४ च्या वेस्टर्न जेको निकालाने ते दार आणखी रुंद केले. शेवटी २०१५ मध्ये संसदेला कायद्यातच लिहावे लागले की कायदा चुकीचा लावला किंवा पुराव्याचा वेगळा अर्थ निघू शकतो, एवढ्यावर निवाडा रद्द होणार नाही.

याहून मोठे दुखणे मात्र स्थगितीचे होते. १९९६ च्या कायद्याच्या जुन्या कलम ३६ चा अर्थ असा लावला गेला, की कलम ३४ चा अर्ज दाखल होताच अंमलबजावणी आपोआप थांबते. न्यायाधीशाने कागद उघडून पाहण्याचीही गरज नाही. अर्जाचे शुल्क भरले की कोट्यवधींचा निवाडा वर्षानुवर्षे गोठला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच ही तरतूद लवादाच्या हेतूलाच मारक आहे असे सांगून सुधारणा सुचवली होती. सुधारणा यायला ऑक्टोबर २०१५ उजाडले. तीसुद्धा जुन्या प्रकरणांना लागू होते की नाही यावर वाद झाला. ती लागू होते असे २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितले, तर २०१९ मध्ये संसदेने कलम ८७ घालून ते फिरवले. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हे कलम मनमानी ठरवून रद्द केले.

त्या याचिकेतली तक्रार प्रत्येकाने वाचावी अशी आहे. कंपनीची येणी सरकारी संस्थांकडे अडकलेली. लवाद जिंकलेले, निवाडे हातात, पण आव्हान दिल्यामुळे पैसे नाहीत. दुसरीकडे सिमेंट, लोखंड, मजुरी पुरवणाऱ्यांची देणी थकलेली, आणि २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली हेच पुरवठादार कंपनीला दिवाळखोरीत ओढू शकत होते. मग कंपनीने आपल्या कर्जदारांविरुद्ध तोच मार्ग का धरू नये? कारण ऑगस्ट २०१८ मध्ये के. किशन खटल्यात ठरले, की निवाड्याविरुद्ध कलम ३४ चा अर्ज पडून असेल तर ते देणे ‘वादग्रस्त’ समजायचे आणि त्यावर दिवाळखोरीची कारवाई चालवायची नाही. तर्क समजण्यासारखा आहे. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की चित्र असे होते: तीन पंचांनी वर्षभर ऐकून, कारणे लिहून दिलेले माझे येणे वादग्रस्त, आणि माझ्या पुरवठादाराचे साधे बिल मात्र मला बुडवायला पुरेसे. या मधल्या काळात छोटा ठेकेदार जगतच नाही.

इथे एक उत्तर नेहमी ऐकू येते. व्याज तर मिळतेच ना? मिळते. निवाड्यात वेगळे काही ठरले नसेल तर कलम ३१ नुसार निवाड्याच्या तारखेच्या प्रचलित दराहून दोन टक्के जास्त व्याज चढते. पण व्याज त्याच्याच उपयोगी, जो ते हातात पडेपर्यंत टिकून राहतो. बँकेचे कर्ज थकले, हमीपत्र वठवले गेले, यंत्रे विकली, कामगार पांगले, पुढच्या निविदेत उतरण्याची पत गेली, तर आठ वर्षांनी आलेले व्याज कोणाच्या खात्यात जमा करायचे? आणि हरलेला पक्ष सरकारी असेल तर ते व्याज करदात्याच्या खिशातून जाते. आव्हान फसले तर ज्याने ते दिले त्या अधिकाऱ्याच्या पगारातून एक रुपयाही कापला जात नाही.

तरीही त्या अधिकाऱ्याला एकट्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्याच्या टेबलावर निवाडा येतो तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात. निवाडा मान्य करून पैसे दिले, तर उद्या लेखापरीक्षक विचारतील, दक्षता विभाग विचारेल: आव्हान का दिले नाही, कंपनीशी तुमचे काही साटेलोटे होते का? अर्ज केला तर कोणीच काही विचारणार नाही. दहा वर्षांनी अर्ज फेटाळला गेला, तेव्हा तो बदलीवर किंवा निवृत्त. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस अर्जच करेल. सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणूनच ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने ठरवले, की निवाड्याला आव्हान दिले तरी सरकारी संस्थांनी बँक हमी घेऊन ७५ टक्के रक्कम ठेकेदाराला द्यावी. २०२३ च्या ‘विवाद से विश्वास’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात लवादात जिंकलेल्यांना मंजूर रकमेच्या ६५ टक्क्यांपर्यंत आणि न्यायालयात जिंकलेल्यांना ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम घेऊन प्रकरण मिटवण्याची मुभा दिली. पहिला निर्णय चांगला होता. दुसऱ्याबद्दल मला तसे म्हणवत नाही. आपल्या हक्काच्या पैशातला तिसरा हिस्सा सोडून देऊन माणूस समाधान मानतो, तो थकलेला असतो म्हणून.

आणि मग ३ जून २०२४ रोजी अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाचे परिपत्रक आले. सरकारी खरेदीच्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नये, घातलेच तर ते १० कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरते ठेवावे, मोठ्या वादांसाठी मध्यस्थी किंवा न्यायालय, असा त्याचा रोख. कारणांत एक असे, की लवादाने वाद संपत नाही, निवाड्यांना पुढे न्यायालयात आव्हान दिले जातेच. हे वाचून वाईट वाटते. या देशात सर्वांत जास्त खटले लढणारा पक्षकार कोण? लवाद अंतिम ठरू नये यात ज्याचा मोठा वाटा, त्यानेच तो अंतिम ठरत नाही म्हणून सोडून द्यायचा?

परिपत्रकातले दुसरे कारण मात्र गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. सगळे लवाद सारखे नसतात, काहींच्या सचोटीबद्दल शंका घेतली जाते, आणि चूक झाली तर दुरुस्तीची वाट अरुंद. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने दिलेला नायजेरियाचा निकाल या शंकेला पुरेसा आधार देतो. वायू प्रकल्पाच्या २०१० च्या करारावरून पीअँडआयडी नावाच्या कंपनीला लवादाने २०१७ मध्ये ६६० कोटी डॉलर मंजूर केले होते. व्याजाने ती रक्कम ११०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. न्यायालयात उघड झाले, की करार मिळवताना लाच दिली गेली, लवादापुढे खोटी साक्ष झाली आणि नायजेरियाची गोपनीय कागदपत्रे कंपनीच्या हाती होती. निवाडा तर विश्वासू म्हणून नावाजलेल्या मंडळींनी दिला होता. न्यायालयाने डोळे मिटून मोहोर उठवली असती तर एका देशाची तिजोरी रिकामी झाली असती.

म्हणून न्यायालयाला बाजूला सारा, असे मी म्हणत नाही. पण त्या निकालात न्यायालयाने काय तपासले ते पाहा. लवादाने कराराचा अर्थ बरोबर लावला की चूक, हे नव्हे. निवाडा कसा मिळवला गेला, हे. आपल्याकडेही २०२१ च्या दुरुस्तीने सांगितले आहे, की करारात किंवा निवाड्यात फसवणूक अथवा भ्रष्टाचार प्रथमदर्शनी दिसत असेल तर न्यायालयाने बिनशर्त स्थगिती द्यावी. या तरतुदीचा गैरवापर होईल अशी भीती अनेकांना वाटते, मलाही थोडी वाटते, कारण फसवणुकीचा आरोप लिहायला शाई तेवढीच लागते. तरी तत्त्व योग्य आहे. न्यायालयाने निवाड्याच्या जन्माकडे कठोरपणे पाहावे आणि त्याच्या तर्काकडे पाहण्याचा मोह आवरावा.

हा मोह आवरणे किती अवघड आहे, ते निवाड्यात बदल करण्याच्या प्रश्नावर दिसले. २०२१ च्या एम. हकीम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कलम ३४ खाली निवाडा रद्द करता येतो, बदलता येत नाही. तो खटला महामार्गासाठी घेतलेल्या जमिनींचा होता. तिथे ‘लवाद’ सरकारच नेमते, शेतकऱ्याला निवड नसते, आणि त्याने ठरवलेली भरपाई तुटपुंजी होती. जिल्हा न्यायालयाने ती वाढवली होती. सर्वोच्च न्यायालयाने कायदा सांगितला, पण वाढीव रक्कम हिरावून घेतली नाही. मला हा निकाल माणुसकीचा वाटतो. पण त्यातून एक गोष्ट विसरली जाते: जमीनधारकावर लादलेला लवाद आणि दोन कंपन्यांनी वकिलांसमोर बसून निवडलेला लवाद यांना एकाच कलमाखाली मोजणे ही मूळ चूक आहे. पहिल्याला पूर्ण अपील हवे. दुसऱ्याला नको.

३० एप्रिल २०२५ रोजी गायत्री बालसामी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने मर्यादित बदलाचा अधिकार मान्य केला. निवाड्याचा वाईट भाग चांगल्यापासून वेगळा करता येत असेल तर तेवढाच काढणे, आकडेमोडीची किंवा टंकलेखनाची चूक सुधारणे, निवाड्यानंतरचे व्याज बदलणे. न्या. विश्वनाथन यांनी वेगळे मत नोंदवले. बेरीज चुकली म्हणून सगळा लवाद पुन्हा पहिल्यापासून चालवायचा, हे कोणालाच परवडणारे नाही, हे बहुमताचे म्हणणे मला पटते. पण भीतीही वाटते. जिथे थोडा बदल मागता येतो, तिथे प्रत्येक हरलेला थोडाच बदल मागायला येईल, आणि सुनावणी मात्र पूर्ण अपिलाएवढीच लांबेल. उच्च न्यायालयांनी पुढच्या चार-पाच वर्षांत हा अधिकार कसा वापरला, त्यावर सगळे अवलंबून आहे.

कलम ३४ चा अर्ज वर्षभरात निकाली काढावा, असे कायद्यात लिहिले आहे. ते पाळले नाही तर काहीच होत नाही, म्हणून ते पाळले जात नाही. त्यानंतर कलम ३७ चे अपील, मग सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, मग पुनर्विचार, आणि दिल्ली मेट्रोने दाखवल्याप्रमाणे क्युरेटिव्ह. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या दुरुस्ती विधेयकाच्या मसुद्यात संस्थात्मक लवादासाठी, म्हणजे लवाद संस्थेमार्फत चालणाऱ्या प्रकरणांसाठी, अपील लवादाची कल्पना मांडली आहे. वरची एखादी पायरी निघणार असेल तर ती स्वागतार्ह. नुसती आणखी एक वाढणार असेल तर नको.

पायऱ्या कमी करण्याआधी एक गोष्ट करता येते, आणि तिच्यासाठी नव्याने काही शोधायची गरज नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार खरेदीदाराला निवाड्याला आव्हान द्यायचे असेल तर आधी ७५ टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते, तेव्हाच अर्ज ऐकला जातो. प्रकरण लांबणार असे दिसले तर न्यायालय त्यातली वाजवी रक्कम पुरवठादाराला देऊही शकते. हा नियम सगळ्याच व्यापारी निवाड्यांना लावा. पेशवाईतल्या पंचायतीही वाद ऐकण्याआधी दोन्ही पक्षांकडून निर्णय मान्य असल्याचा लेख आणि त्यासाठी जामीन घेत; निर्णयाच्या मागे पैशाचे वजन हवे, हे इथल्या माणसांना नवे नाही. हरलेला पक्ष खरोखर गरीब असेल, किंवा फसवणुकीचा ठोस पुरावा असेल, तर न्यायाधीशाने कारणे लिहून सूट द्यावी. बाकीच्यांनी भरावे. अर्ज जिंकलात तर पैसे व्याजासह परत मिळतील.

सरकारी खाती म्हणतील, आम्ही कुठे पळून जाणार आहोत, आमच्याकडून अनामत कशाला? २०१९ मध्ये पाम डेव्हलपमेंट्स विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे: निवाड्याला स्थगिती मागताना सरकारलाही वेगळी वागणूक मिळणार नाही. आज हा न्यायालयाच्या मर्जीचा भाग आहे. कोणी १०० टक्के भरायला सांगतो, कोणी हमीवर भागवतो. तो कायद्याच्या शब्दांत आला तर अधिकाऱ्याचीही सुटका होईल. पैसे न्यायालयात भरावेच लागणार असतील, तर वेळ काढण्यासाठी आव्हान देण्यात काही हाती लागत नाही, आणि फाइलवर स्वतःच्या सहीने लिहिता येते की आव्हानाला आधार नाही, निवाडा मान्य करावा. लेखापरीक्षकाने विचारले तर दाखवायला कायद्याचे कलम असेल.